कमान की चुणी? सूर्याच्या प्रभामंडलातल्या उजळ रेषांचं खरं रूप

अतिनील प्रकाशात टिपलेलं सूर्याचं एखादं छायाचित्र डोळ्यांपुढे आणा. सौरडागांच्या डोक्यावर उजळ, सडपातळ कमानींची दाटी दिसते. एक पाय इथे, दुसरा कधीकधी लाखभर किलोमीटर पलीकडे, आणि मधे इतकं रेखीव वळण, की कुणी तापलेली तार वाकवून रोवली आहे असं वाटावं. लाखभर किलोमीटर म्हणजे एका कमानीखाली सात पृथ्व्या ओळीने मांडता येतील एवढी जागा. (चित्रातला सोनेरी किंवा निळा रंग मात्र खरा नसतो. अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून प्रत्येक तरंगलांबीला एक रंग नेमून दिलेला असतो.) ही चित्रं मी कितीदा पाहिली असतील त्याची गणती नाही, तरी दर वेळी नजर त्या कमानींवरच जाऊन थांबते.

सौरभौतिकीत या कमानींना लूप म्हणतात. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावरच्या दुर्बिणींनी सूर्याचे क्ष-किरणांतले फोटो घेतले आणि प्रभामंडलाचा, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणाचा, मोठा भाग अशा कमानींनीच भरलेला दिसतो हे ठसठशीतपणे समोर आलं. तेव्हापासून त्यांच्याकडे पाहण्याची रीत ठरून गेली. लूप म्हणजे तप्त वायूने भरलेली वाकडी नळी. तिची लांबी मोजायची, जाडी मोजायची, आतली घनता आणि तापमान काढायचं, आणि त्यावरून सूर्याचं बाह्य वातावरण इतकं तापतं कसं याचा हिशेब मांडायचा.

मग २०२२ मध्ये एक शोधनिबंध आला आणि त्याने मुळालाच हात घातला. चित्रात उजळ रेषा दिसते हे खरं, पण तिथे नळी आहे कशावरून? कदाचित तिथे एक भलामोठा, झिरझिरीत, चुरगळलेला पडदा असेल, आणि आपण ज्यांना कमानी म्हणतो त्या केवळ त्या पडद्याच्या चुण्या असतील.

ही शंका नुसती कल्पनेची भरारी नाही. तिच्यामागे भक्कम कारणं आहेत आणि तिच्याविरुद्धही भक्कम पुरावे आहेत. दोन्ही बाजू नीट समजायच्या तर आधी सूर्याच्या या बाह्य वातावरणाचा स्वभाव कळायला हवा.

विरळ, तप्त आणि आरपार

आपल्याला रोज दिसणारा सूर्याचा झगझगीत पृष्ठभाग म्हणजे दीप्तिगोल. त्याचं तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. त्याच्यावर वर्णगोलाचा पातळ थर, आणि त्यापलीकडे दूरवर पसरलेलं प्रभामंडल, म्हणजेच करोना. दृश्य प्रकाशात प्रभामंडल दीप्तिगोलाच्या जेमतेम दहा लाखाव्या हिश्श्याइतकं उजळ असतं, त्यामुळे एरवी ते दिसत नाही. खग्रास ग्रहणात चंद्राने दीप्तिगोल झाकला की काही मिनिटं त्याचं मोतिया तेज उमटतं.

या मंद तेजाने शास्त्रज्ञांना बराच काळ चकवलं. ७ ऑगस्ट १८६९ च्या खग्रास ग्रहणात प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची वाटेना, म्हणून 'कोरोनियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पलं गेलं. कोडं सुटायला सत्तर वर्षं लागली. १९४० च्या सुमारास वाल्टर ग्रोट्रियान आणि बेंग्ट एडलेन यांच्या कामातून कळलं की ती रेषा साध्या लोखंडाची आहे, पण १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. इतके इलेक्ट्रॉन उडवून लावायचे तर तापमान दहा-वीस लाख अंश हवं. म्हणजे खालचा पृष्ठभाग साडेपाच हजारांवर आणि त्याच्यावरची हवा लाखांत! शेगडीपासून दूर जावं तसतसं जास्त भाजावं, असला हा प्रकार. तो नेमका कसा घडतो याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही, आणि कमानींचं रूप इतकं महत्त्वाचं ठरतं ते याच प्रश्नामुळे.

तापमान लाखांत असलं तरी प्रभामंडल अतिशय विरळ आहे. कमानींमध्ये एका घन सेंटिमीटरला शंभर कोटींच्या आसपास इलेक्ट्रॉन असतात. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या श्वासातली हवा याच्या अब्जावधी पट दाट आहे. इतक्या विरळ वायूतून अतिनील किरण जवळजवळ बिनअडथळा निघून जातात. प्रभामंडल स्वतः चमकतं आणि त्याच वेळी ते आरपार दिसतं.

पुढचं सगळं या एका गुणावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

आपली नजर घडली आहे ती अपारदर्शक वस्तूंच्या जगात. झाडाकडे पाहिलं की झाडाची अलीकडची बाजू दिसते, मागचं झाकलं जातं. कडा दिसली म्हणजे तिथे वस्तू संपते, हे डोळ्यांना शिकवावं लागत नाही. प्रभामंडलाच्या फोटोत मात्र असं काही घडत नाही. तिथे फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे त्या दिशेने दुर्बिणीपर्यंत येणाऱ्या सगळ्या प्रकाशाची बेरीज. अलीकडचा वायू, मधला वायू, पलीकडचा वायू, सगळ्यांचा उजेड एकाच ठिपक्यात जमा होतो. कुठला उजेड किती खोलवरून आला याची नोंद कुठेच राहत नाही.

एखादा ठिपका शेजारच्यापेक्षा उजळ दिसला तर त्याची दोन कारणं असू शकतात. एक, तिथला वायू खरोखर दाट आहे. प्रभामंडलातल्या अतिनील प्रकाशाची तीव्रता घनतेच्या वर्गाच्या पटीत वाढते. घनता दुप्पट झाली की उजेड चौपट, त्यामुळे थोडासा दाट भागही चांगलाच उठून दिसतो. दोन, वायू तेवढाच दाट आहे, पण त्या दिशेने नजरेला त्यातून जास्त अंतर कापावं लागतं. फोटोत ही दोन्ही कारणं हुबेहूब सारखी दिसतात.

दुसऱ्या कारणाची ताकद किती असते ते पाहण्यासाठी एक पोकळ गोळा घ्या. बाहेरची त्रिज्या १००, कवचाची जाडी फक्त १. कवच सगळीकडे सारखंच चमकतं आणि आरपार दिसतं. मधोमध पाहिलं तर नजर पुढचं आणि मागचं असं दोनदा कवच ओलांडते, म्हणून उजेड मोजला २. आता काठावर पाहा. तिथे नजर कवचाच्या आतून घसरत जाते आणि भूमितीच्या हिशेबाने तिला जवळजवळ २८ एवढं अंतर कवचातच काढावं लागतं. मध्यापेक्षा काठ चौदा पट उजळ! पाहणाऱ्याला दिसेल एक झळझळीत कडं, आणि तो म्हणेल, ही बांगडी आहे. साबणाच्या फुग्याचा काठ उठून दिसतो तो याचमुळे. काही मरणासन्न ताऱ्यांभोवतीची वायूची कवचं दुर्बिणीतून कड्यांसारखी दिसतात, त्यातही याच भूमितीचा मोठा वाटा असतो.

खिडकीवरच्या झिरझिरीत पडद्याचंही असंच. कापड सगळीकडे एकाच जाडीचं, पण जिथे चुणी पडते तिथे नजर कापडाला समांतर जाते आणि तिथे एक ठळक उभी रेघ दिसते. ती रेघ बोटांत पकडायला गेलात तर हाती नुसतं कापड येईल. आणि दोन पावलं बाजूला सरकलात तर रेघही सरकेल.

मग नळी मानली तरी का?

पन्नास वर्षं लूपला नळी मानण्यात कुणाचा भाबडेपणा नव्हता. त्यामागे चांगलं भौतिकशास्त्र आहे.

लाखो अंशांवर अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. अशा विद्युतभारित वायूला प्लाझ्मा म्हणतात, आणि प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राच्या मुठीत असतो. भारित कण बलरेषेभोवती, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषेभोवती, गिरक्या घेत तिच्या लांबीने मोकळेपणी धावू शकतात, पण तिला आडवं ओलांडून जाणं त्यांना जवळपास अशक्य असतं. उष्णतेचंही तेच. ती बलरेषेच्या दिशेने झपाट्याने वाहते, आडवी जवळजवळ सरकत नाही. सौरडागांपाशी बलरेषा एका डागातून वर येतात, कमान करतात आणि विरुद्ध ध्रुवाच्या डागात उतरतात. बलरेषांच्या एखाद्या जुडग्याच्या पायथ्याशी ऊर्जा ओतली गेली, तर तेवढंच जुडगं तापेल, खालचा वायू उसळून त्यात भरेल, आणि तेवढीच कमान उजळेल. शेजारचं जुडगं अंधारात राहील.

हे तर्कशुद्ध आहे. पण यात एक गृहीतक नकळत शिरलं. तापणारा भाग बलरेषेच्या दिशेने लांब असणार हे भौतिकशास्त्र सांगतं. आडव्या दिशेला त्याचा आकार कसा असेल, हे ते सांगत नाही. आडवा छेद गोल असेल तर दोर मिळेल. छेद लांबट, फाटे फुटलेला, वाकडातिकडा असेल तर पडदा मिळेल, आणि तोही बलरेषांना तितकाच इमानदार असेल.

छेद गोलच राहील असं मानायला आधार कमी होता. दीप्तिगोलावर उकळत्या पाण्यासारखे वायूचे बुडबुडे सतत वर येत असतात. प्रत्येक बुडबुडा साधारण हजार किलोमीटर रुंद, आयुष्य दहाएक मिनिटांचं. चुंबकीय क्षेत्र या बुडबुड्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटींमध्ये दाबलं जातं. म्हणजे पायथ्याशीच ते बऱ्याचदा गोल खुंटांसारखं नसून नागमोडी भिंतींसारखं असतं. तिथून वर जाताना बलरेषा फाकतात आणि त्यांना पीळही पडतो. पायथ्याशी गोल वर्तुळ आखलं तरी कमानीच्या माथ्यावर त्याची चपटी पट्टी झालेली असू शकते.

दोन जुनी कोडीही सतत टोचत होती. पहिलं रुंदीचं. चुंबकीय क्षेत्र उंचीबरोबर क्षीण होतं, आणि क्षेत्र क्षीण झालं की बलरेषांचं जुडगं फुगलंच पाहिजे. क्षेत्र एक चतुर्थांश झालं तर छेद चौपट, म्हणजे रुंदी दुप्पट. कमानी माथ्यावर जाड आणि पायाशी बारीक दिसायला हव्यात. पण जपानच्या योहको उपग्रहाची क्ष-किरण चित्रं १९९२ मध्ये जेम्स क्लिमचक आणि सहकाऱ्यांनी मोजली, तेव्हा कमानी पायापासून माथ्यापर्यंत जवळपास एकाच जाडीच्या निघाल्या. नंतरच्या, कितीतरी स्पष्ट चित्रांतही तेच दिसत राहिलं.

दुसरं कोडं उंचीचं. दहा लाख अंशांच्या प्लाझ्माची घनता सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे दर पन्नास हजार किलोमीटरला सुमारे २.७ पटींनी घटायला हवी. उजेड घनतेच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे तो सातव्या हिश्श्यावर यायला हवा. उंच कमानींचे माथे त्या मानाने फारच मंद दिसायला हवेत. प्रत्यक्षात कित्येक कमानी माथ्यावरही छान उजळ असतात.

दोन्ही कोड्यांवर उत्तरं सुचवली गेली होती, अजूनही सुचवली जातात. पण चित्रातली रेषा ही मुळात नळी नसेल, तर दोन्ही प्रश्न विचारण्याची पद्धतच बदलते. चुणीची रुंदी ठरते ती पडदा किती वळला आहे आणि आपण कुठून पाहतो आहोत यावर. तिने बलरेषांच्या जुडग्यासारखं फुगलंच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही.

संगणकातल्या सूर्यात शिरून

खऱ्या सूर्यापाशी जाऊन कमान हातात धरता येत नाही. संगणकातल्या सूर्यापाशी येते. अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रातल्या ॲना मालानुशेंको आणि त्यांचे चार सहकारी, मार्क च्युंग, क्रेग डिफॉरेस्ट, जेम्स क्लिमचक आणि मथियास रेम्पेल, यांनी हेच केलं. रेम्पेल यांच्या म्युरॅम नावाच्या संगणकीय प्रतिरूपात दीप्तिगोलाखालच्या खळबळीपासून प्रभामंडलापर्यंतचा सगळा पट्टा भौतिकशास्त्राच्या समीकरणांनुसार उलगडत जातो. कमानी त्यात कुणी हाताने काढून ठेवत नाही. समीकरणं चालवली की त्या आपोआप उगवतात.

संशोधकांनी या प्रतिरूपातून आधी दुर्बिणीतून दिसावी तशी कृत्रिम चित्रं तयार केली. त्यांत नेहमीसारख्या सुबक कमानी दिसल्या. मग त्यांनी असं काही केलं जे खऱ्या सूर्याबाबत कधीच शक्य नसतं. त्या त्रिमितीय आकारमानात शिरून, चित्रातली अमुक रेषा नक्की कुठल्या प्लाझ्मामुळे उमटली ते शोधलं.

काही रेषांमागे खरोखर सुटा, आटोपशीर दोर सापडला. पण पुष्कळ रेषांमागे तसं काहीच नव्हतं. तिथे उजळणारा प्लाझ्मा मोठ्या, गुंतागुंतीच्या, घड्या पडलेल्या पडद्यांसारखा पसरलेला होता, आणि जिथे नजर एखाद्या घडीला समांतर जात होती तिथे चित्रात कमान उमटत होती. पाहण्याची दिशा बदलली की त्या कमानी विरत होत्या आणि दुसरीकडे नव्या उमटत होत्या. मालानुशेंको आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेला नाव दिलं 'प्रभामंडलाचा पडदा'.

मला या निबंधातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची मोजकी भाषा. सगळ्या कमानी खोट्या आहेत असा दावा त्यात नाही. नुसत्या चित्रावरून दोर कुठला आणि चुणी कुठली हे ओळखता येत नाही, एवढंच तो ठामपणे दाखवतो. प्रतिरूपालाही मर्यादा आहेत. गणितासाठी त्यातली जागा छोट्या छोट्या घरांत विभागलेली असते, त्या घरापेक्षा बारीक असं काही त्यात उमटू शकत नाही, आणि खऱ्या प्रभामंडलात त्याहून बारीक धागे नसतील असं कुणी म्हणणार नाही.

असं आधीही घडलंय

सूर्याच्या बाबतीत रेषा किंवा वर्तुळ पाहून फसण्याची ही पहिली वेळ नाही.

ग्रहणाच्या चित्रांत प्रभामंडलातून टोकदार पाकळ्यांसारखे झोत बाहेर निघालेले दिसतात. १९९५ च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या सोहो यानाच्या दुर्बिणींनी हे झोत रोजच्या रोज टिपायला सुरुवात केली. यि-मिंग वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सूर्यापासून दूर गेलेले अनेक उजळ झोत म्हणजे सुटे फवारे नाहीत. सूर्याभोवती प्लाझ्माचा एक पातळ, लाटांसारखा वरखाली होणारा पत्रा पसरलेला असतो. त्याची घडी जिथे आपल्याला काठाकडून दिसते, तिथे झोत दिसतो.

प्रभामंडलातून सुटणाऱ्या प्रचंड उद्रेकांचीही हीच कथा. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत ते फुगत जाणाऱ्या कमानीसारखे दिसत, आणि ती खरोखर सपाट कमान आहे की फुगा आहे यावर वाद चालला होता. २७ नोव्हेंबर १९७९ रोजी एका उपग्रहावरच्या सोलविंड दुर्बिणीने पृथ्वीच्या दिशेने निघालेला उद्रेक पकडला. सपाट कमान समोरून पाहिली असती तर सूर्याच्या दोन बाजूंना चिंचोळ्या पट्ट्या दिसल्या असत्या. दिसलं ते सूर्याला चहूबाजूंनी वेढणारं वलय. फुग्याच्या बाजूचा कौल भारी झाला, आणि तो लागला तो पाहण्याची दिशा बदलल्यामुळे.

हिशेब कुठे बदलतो

दोर असो की चुणी, चित्र तर तेच राहतं, मग एवढा खल कशाला, असं वाटू शकतं. पण खल हिशेबासाठी आहे.

समजा चित्रात हजार किलोमीटर रुंद रेषा दिसते. नळी मानली तर तिची खोलीही हजार किलोमीटर धरायची. उजेड म्हणजे घनतेचा वर्ग गुणिले खोली, त्यावरून घनता काढायची. आता ती प्रत्यक्षात पडद्याची घडी असेल आणि नजरेच्या दिशेने २५ हजार किलोमीटर खोल असेल, तर तेवढ्याच उजेडासाठी लागणारी घनता पाचपट कमी भरते. घनता पाचपट कमी, तर प्रकाश फेकून थंड व्हायला लागणारा वेळ पाचपट जास्त. मग ती रेषा टिकवून ठेवायला किती ऊर्जा लागते, ती ऊर्जा एका दमात येते की थेंबाथेंबाने, ही सगळी गणितं हलतात.

सौरभौतिकशास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये मांडलं होतं की पायथ्याच्या खळबळीने बलरेषांना पीळ आणि गुंता पडत जातो, तो अगणित बारीक स्फोटांतून सुटत राहतो, आणि त्यातूनच प्रभामंडल तापतं. ही कल्पना पारखायची तर कमानींचं तापणं आणि निवणं मोजावं लागतं, आणि त्यासाठी आधी कमानीचा आकार माहीत हवा.

आणखी एक शाखा यात गुंतली आहे. १४ जुलै १९९८ च्या सौरज्वालेनंतर, म्हणजे सूर्यावरच्या एका अचानक स्फोटानंतर, ट्रेस उपग्रहाने काही कमानी छेडलेल्या तारेसारख्या डोलताना पाहिल्या. एका झोक्याला साधारण सव्वाचार मिनिटं लागत होती. तारेच्या सुरावरून तिचा ताण कळावा, तसं या झोक्यांवरून प्रभामंडलातल्या चुंबकीय क्षेत्राची ताकद काढता येते. त्या गणितात कमान ही एकसंध नळी धरलेली असते.

दोराच्या बाजूने

गंमत अशी की डोलणाऱ्या याच कमानी पडद्याच्या कल्पनेला अडचणीत आणतात. एक कमान अख्खीच्या अख्खी एका लयीत डोलते आणि आजूबाजूचं काही तितकं हलत नाही, हे चुणीपेक्षा दोराला जास्त शोभतं. पडदाही लहरतो हे खरं, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही. पण तराजू थोडा झुकतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे प्रभामंडलातला पाऊस. कमानीतला काही प्लाझ्मा कधीकधी एकदम निवतो, आकसून दाट होतो, आणि त्याचे लोंबते थेंब बलरेषांवरून खाली घसरतात. शेकडो किलोमीटर रुंदीचे हे थेंब एकामागोमाग ठरलेल्या वाटांनी उतरतात. ते पाहिलं की तिथे बारीक धागे आहेत हे मानावंच लागतं. हवाईतल्या चार मीटर आरशाच्या इनोये दुर्बिणीने ८ ऑगस्ट २०२४ च्या एका जोरदार सौरज्वालेनंतर टिपलेल्या कमानींचे पदर तर सरासरी अवघे ४८ किलोमीटर रुंद निघाले. हे सगळे सौरज्वालांनंतरचे किंवा निवलेल्या प्लाझ्माचे धागे आहेत, रोजच्या दहा-वीस लाख अंशांच्या शांत कमानी नव्हेत. म्हणून एकाचा न्याय सरसकट दुसऱ्याला लावता येत नाही.

शांत कमानींबद्दलचा एक सुरेख युक्तिवाद क्लिमचक आणि डिफॉरेस्ट यांनी २०२० मध्ये केला होता. हो, तेच दोघे, जे दोन वर्षांनी पडद्याच्या निबंधाचेही सहलेखक झाले. आपल्याच निष्कर्षाला छेद देणाऱ्या शक्यतेवर सही करणं ही विज्ञानातली मला फार आवडणारी गोष्ट आहे. ११ जुलै २०१२ ला हाय-सी नावाच्या दुर्बिणीने अग्निबाणातून काही मिनिटांच्या उड्डाणात प्रभामंडलाची अत्यंत बारकाव्याची चित्रं घेतली होती. त्यांतल्या कमानींची जाडी आणि उजेड त्यांनी इंचाइंचाने मोजले. छेद पट्टीसारखा चपटा असेल आणि कमानीत पीळ असेल, तर पट्टी जिथे रुंद बाजूने दिसेल तिथे ती मंद दिसेल, आणि जिथे कडेने दिसेल तिथे अरुंद पण उजळ. म्हणजे रुंदी वाढली की उजेड घटायला हवा. तसा उलटा संबंध त्यांना सापडला नाही. छेद गोलसर असावा, या मताला त्यातून बळ मिळालं.

पण खरी कसोटी पुन्हा दिशेचीच. एकच कमान एकाच वेळी दोन बाजूंनी पाहायची. हे ऐकायला जितकं सोपं तितकं करायला कठीण. २००६ मध्ये सोडलेली स्टिरिओची दोन यानं सूर्याकडे दोन दिशांनी पाहत होती, तरी अडचण व्हायची ती ओळख पटण्याची. आरपार दिसणाऱ्या जंगलात शेकडो कमानी एकमेकींवर पडलेल्या असतात. डावीकडच्या चित्रातली ही कमान उजवीकडच्या चित्रातली कुठली, हे ठरवायला त्यांच्यावर नावं लिहिलेली नसतात. त्यात एक फसवा खड्डाही आहे. आपण जोड्या जुळवताना सारख्या दिसणाऱ्या रेषाच जुळवतो, आणि मग म्हणतो की पाहा, दोन्हीकडून सारखीच दिसते!

२०२४ मध्ये सुदीप मंडल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेलं काम त्यामुळेच लक्ष वेधतं. २०२० मध्ये सोडलेलं सोलर ऑर्बिटर यान आणि पृथ्वीभोवती फिरणारी सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी यांच्यामध्ये तेव्हा ४३ अंशांचा कोन होता. दोघांनी एक कमान एकाच वेळी पाहिली. दोन्हीकडून तिची रुंदी सारखी भरली, आणि पूर्ण लांबीभर ती एकसारखीच राहिली. ही कमान तरी गोल छेदाचा दोरच असावी, असं यातून दिसतं. आणि फुगत का नाही, हे जुनं कोडं तिने जसंच्या तसं परत आपल्या हाती दिलं.

माझं मत विचाराल तर प्रभामंडलात दोर आणि पडदा दोन्ही आहेत. ज्या कमानी भोवतालच्या उजेडातून ठळक उठून येतात, डोलतात, पाऊस पाडतात, त्या दोर असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पण सौरडागांच्या वरच्या प्रदेशातला पुष्कळसा उजेड या ठळक कमानींचा नसतोच, तो असतो मधल्या अस्पष्ट धूसर भागाचा. त्या धुक्यात जेमतेम जाणवणाऱ्या ज्या असंख्य फिकट रेघा दिसतात, त्यांना नळी समजून घनता काढण्याआधी मी तरी दहादा विचार करेन.

सोलर ऑर्बिटर आता शुक्राच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत आपली कक्षा तिरकी करत चाललं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये सूर्याच्या विषुववृत्ताच्या १७ अंश खालून त्याने दक्षिण ध्रुवाची चित्रं घेतली. नियोजनाप्रमाणे २०२९ मध्ये हा कोन ३३ अंशांपर्यंत जाईल. आजवर जवळपास सगळी यानं सूर्याच्या कमरेच्या पातळीतूनच पाहत आली, म्हणजे कमानींकडे डावीकडून किंवा उजवीकडून. हे यान त्याच कमानींवर तिरकं वरून डोकावेल, आणि त्याच क्षणी पृथ्वीजवळून दुसरी दुर्बीण त्यांच्याकडे सरळ पाहत असेल. दोर असेल तर दोन्ही चित्रांत त्याच्या जागी एक बारीक रेषा उमटेल. चुणी असेल तर त्यातल्या एका चित्रात त्या जागी नुसतं धुकं असेल.